शनिवारची वीज

तिचं कागदोपत्री नाव कंपनीत फारसं कुणाला ठाऊक नव्हतं. सगळे तिला चिमटा म्हणत. सर्किट बोर्डावरचे बारीक भाग उचलायला लागतो तो टोकदार चिमटा ती अंबाड्यात खोचून ठेवायची आणि मग तोच दिवसभर शोधत फिरायची. "माझा चिमटा कुणी घेतला?" असं पहिल्या आठवड्यात ती इतक्या वेळा ओरडली की नाव पडलं ते पडलंच. पुढे तिची बोलण्याची तऱ्हा लोकांना कळली, आणि हे नाव बदलायचं काही कारण नाही असं सर्वांचं एकमत झालं.

इलेक्ट्रॉनिक्सचा डिप्लोमा करून ती शहरात आली तेव्हा आत्याकडे राहायची. आत्या घरी पडदे आणि गाद्यांच्या खोळी शिवायची. दोन खोल्यांचं घर, त्यातली दीड खोली कापडाने भरलेली. उरलेल्या अर्ध्या खोलीत भाचीचं अंथरूण, पुस्तकं आणि एक बिघडलेला रेडिओ, जो ती रोज दुरुस्त करायची आणि जो रोज पुन्हा बिघडायचा.

"तुला नोकरी लागेपर्यंत तो रेडिओ टिकला म्हणजे झालं," आत्या म्हणायची.

नोकरी लागली ती सायकलच्या दुकानावरच्या माडीवर. लाकडी जिना चढून गेलं की ओळीने तीन खोल्या. पहिलीत सोल्डरिंग चालायचं. तिथे राळेचा वास भिंतींत मुरलेला होता. दुसरीत वजनकाट्यांची जुळणी आणि तपासणी, तिसरीत पॅकिंग. इलेक्ट्रॉनिक वजनकाटे बनवणारी ही छोटीशी कंपनी ज्याची होती, त्याला सगळे पाठीमागे म्हातारा म्हणत. वय चाळिशीच्याही अलीकडचं, पण डोकं कापसासारखं पांढरं. त्याला केबिन नव्हती. जिथे खुर्ची रिकामी दिसेल तिथे तो बसायचा आणि खुर्चीचा मालक आला की उठायचा.

मुलाखतीत त्याने तिला काही विचारलंच नाही. एक काटा पुढ्यात ठेवला. "याचा आकडा एका जागी ठरत नाही. का, ते सांग," म्हणाला आणि निघून गेला.

सकाळभर ती त्या काट्याशी झटत होती. दुपारी तो परत आला तेव्हा तिचा चेहरा पडला होता.

"नाही सापडलं," ती म्हणाली.

"मग?"

"पण कुठे नाही ते सांगू शकते. वीज नीट पोचतेय. बोर्ड ठीक आहे. आकडे दाखवणारा भाग ठीक आहे. उरली ती वजन झेलणारी पट्टी. ती मी कधी उघडलेली नाही. उघडली तर मोडेल असं वाटलं."

"मोडली असती तर?"

"तर तुम्ही मला घेतलं नसतं."

"आणि आता घेईन असं वाटतंय?"

"मघाशी वाटत होतं. आता नाही वाटत."

म्हातारा खो खो हसला. "सोमवारी ये. आल्या आल्या ती पट्टी उघड. मोडली तर मोडली."

सोमवारी तिने पट्टी उघडली आणि ती मोडली. म्हाताऱ्याने फक्त, "आता आत काय असतं ते दिसलं ना?" एवढंच विचारलं आणि दुसरी पट्टी दिली. संध्याकाळी हे आत्याला सांगितलं तेव्हा तिने मशीनचा पाय थांबवला.

"पहिल्याच दिवशी मोडून ठेवलंस? तरी उद्या ये म्हणाले?"

"हो."

"मग एक तर माणूस चांगला आहे, नाहीतर धंदा बुडीत आहे. जरा डोळे उघडे ठेव गं."

खरं सांगायचं तर दोन्ही गोष्टी थोड्या थोड्या खऱ्या होत्या. मोठ्या कंपन्यांचे काटे बाजारात येऊ लागले होते आणि माडीवरच्या काट्यांची मागणी हळूहळू आटत होती. म्हातारा ते बोलून दाखवत नसे, पण जिन्यावरून येता-जाता पॅकिंगच्या खोलीत डोकावून खोकी किती भरली ते बघत असे. त्याची ती नजर चिमट्याच्या लक्षात यायची.

त्या भागात शनिवारी दुपारच्या जेवणानंतर वीज जायची, ती संध्याकाळपर्यंत यायची नाही. तारांच्या देखभालीसाठी जाते असं सांगत. वर्षानुवर्षं ती देखभाल काही संपली नाही. वीज नाही म्हणजे सोल्डरिंग नाही, तपासणी नाही, काहीच नाही. म्हातारा म्हणायचा, जा घरी. पण दुपारच्या उन्हात कुणाला जावंसं वाटत नसे. मधल्या खोलीत खिडकीपाशी आधीच्या भाडेकरूने सोडून दिलेलं एक लांबलचक टेबल होतं. खिडकीतून बरी हवा यायची. मंडळी तिथे टेकायची, चहा मागवायची आणि गप्पा हाकायची.

आधी त्या नुसत्या गप्पाच होत्या. कुणाच्या घरमालकाचं, कुणाच्या सासूचं. पण माणसं दिवसभर यंत्रांतच बुडालेली, तेव्हा गाडी शेवटी यंत्रांवरच यायची. याची सुरुवात बहुतेक वेळा म्हाताराच करायचा, आणि तो जे बोलायचा ते अगदी अचाट असायचं. "अंडी मोजता मोजता सडकी अंडी वेगळी काढणारा काटा बनवला तर?" की लगेच कुणीतरी म्हणायचं, "साहेब, सडक्या अंड्याचं वजन नाही, वास वेगळा असतो." मग वास ओळखणाऱ्या यंत्रावर पाऊण तास. मालकाची अशी यथेच्छ टर उडवायला मिळते म्हटल्यावर बाकीच्यांनाही धीर यायचा. हातात काम नसायचं, त्यामुळे बोललेलं लगेच करून दाखवायची धास्तीही नसायची. जुन्या खोक्यांचे पुठ्ठे, कात्री आणि पेन्सिल, एवढीच सामग्री.

पेन्सिलवर मालकी रेघोट्याची. तो कंपनीचा ड्राफ्ट्समन, यंत्रांची चित्रं काढणारा. बोलायला कंजूष, पण कुणी काही सांगू लागलं की याचा हात कागदावर चालू. सांगणाऱ्याचं बोलणं संपायच्या आत ती वस्तू कागदावर उभी असायची. चिमट्याला आधी त्याच्या रेषा आवडल्या. माणूस नंतर.

अशाच एका शनिवारी पॅकिंगच्या काकू उशिरा आल्या, त्या रागाने लालबुंद होऊन. साऱ्या कंपनीच्या त्या काकू होत्या आणि त्या रागावल्या की मोठमोठी माणसं जागच्या जागी खोकी रचू लागत.

"मला उतरवलं बसमधून!" त्या खुर्चीत आदळत म्हणाल्या. "त्या कंडक्टरने गर्दीत भलत्याच रंगाचं तिकीट फाडून दिलं. पुढे तपासनीस चढला, म्हणतो, हे तिकीट इथपर्यंतचं नाहीच. मी चोर? या वयात? साऱ्या बसने माझ्याकडे वळून पाहिलं हो!"

सगळे हळहळले. कुणी पाणी दिलं. कंडक्टर चांगला की वाईट यावर वाद झाला. काकूंनीच शेवटी त्याची बाजू घेतली. "त्याचं तरी काय चुकलं? काखेत तिकिटांचे सात रंगांचे गठ्ठे, खांद्याला पिशवी, तोंडात शिट्टी. माणूस आहे का खुंटी?"

"गठ्ठे नकोतच," चिमटा म्हणाली. "तिकीट तिथल्या तिथे छापून दिलं तर?"

"कशावर छापणार?"

"हातातल्या यंत्रावर. काट्यातून वजनाची चिठ्ठी निघते ना, तसंच. फक्त लहान."

रेघोट्याची पेन्सिल सरसावली. कुणीतरी पुठ्ठा आणला. थोड्या वेळात विटेएवढं एक खोकं तयार झालं. त्यावर बटणं म्हणून गोल काढले आणि फटीतून कागदाची पट्टी बाहेर सोडली. म्हातारा उठला. "चला, बस भरू या," म्हणाला आणि खुर्च्या दोन-दोनच्या रांगेत लावू लागला.

कंडक्टर रेघोट्याला केलं, कारण त्याला ओरडता येत नव्हतं आणि ते सर्वांना बघायचं होतं. काकू प्रवासी होत्या आणि त्यांनी बसमधल्या अपमानाचा सगळा सूड त्याच्यावर उगवला. "अहो, मला तिकीट द्या! अहो, खिडकी बंद करा! अहो, यांना पुढे सरकायला सांगा!" म्हातारा ड्रायव्हर झाला आणि तो फार वाईट बस चालवत होता. "वळण!" म्हटलं की सगळे एका अंगाला कलत. रेघोट्या एका हातात खोकं धरून दुसऱ्या हाताने बटणं दाबत होता, तेवढ्यात म्हातारा ओरडला, "ब्रेक!"

सगळे पुढे आदळले. रेघोट्याने खोकं टाकलं आणि कपाटाचं दार घट्ट पकडलं.

हशा पिकला. रेघोट्या मात्र दार सोडेना. त्याच अवस्थेत उभा राहून तो खाली पडलेल्या खोक्याकडे बघत होता.

"मला दोन हात लागले यंत्राला," तो हळूच म्हणाला. "आणि एक हात बसला लागतो."

हसू ओसरलं. चिमट्याने खोकं उचललं आणि एका हातात धरून पाहिलं. तिचा अंगठा निम्म्या बटणांपर्यंतच पोचत होता. काकूंनी धरलं, त्यांचा तर तेवढाही नाही. मग त्यांनी ते खोकं कापलं, अरुंद केलं, बटणं कमी केली, पुन्हा कापलं. वीज आली तेव्हा कुणाच्या लक्षातही आलं नाही. पंखा फिरू लागला आणि पुठ्ठ्याचे कपटे उडाले, तेव्हा सगळ्यांनी वर पाहिलं.

पुठ्ठ्याच्या खोक्यापासून खरं यंत्र व्हायला मात्र खूप काळ गेला. त्यातली निम्मी वर्षं चिमट्याला नंतर आठवायची ती जळलेल्या बोटांनी आणि कानात घुमणाऱ्या छपाईच्या किरकिरीने. बॅटरी दुपारीच मान टाकायची. बटणांत धूळ जायची. शेवटी एका आगाराने काही बसेसवर यंत्रं वापरून बघायचं कबूल केलं. कंपनीत सर्वांचा जीव भांड्यात पडला, आणि आठवडाभरात तो पुन्हा टांगणीला लागला. तिकिटं काळी निघत होती. अक्षरं काळी असायला हरकत नव्हती, इथे अख्खा कागदच काळा.

आगाराचा मॅनेजर स्वतः माडी चढून आला. मूठभर काळी तिकिटं टेबलावर टाकून म्हणाला, "कुणी गेलंय का तुमच्याकडे? ही तिकिटं आहेत की शोकपत्रं?"

म्हाताऱ्याने चिमट्याकडे पाहिलं. यंत्र तिने उलटंपालटं केलं, त्यात दोष सापडेना. मग ती आणि रेघोट्या त्याच बसमध्ये जाऊन बसले. एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत, परत आणि पुन्हा. कंडक्टरला आता त्यांची इतकी सवय झाली की तो त्यांना उतरायचं का विचारीना. एका फेरीला रेघोट्याने तिला कोपराने ढोसलं. कंडक्टरने कागदाची जादा गुंडाळी काढली ती ड्रायव्हरशेजारच्या इंजिनाच्या झाकणावरून. झाकण तव्यासारखं तापलेलं. तो कागदच असा, की उष्णतेने त्यावर अक्षर उमटतं. गुंडाळी तापली, सगळी काळी झाली.

"तिथे का ठेवता?" चिमट्याने विचारलं.

"मग कुठे ठेवू, डोक्यावर?" कंडक्टर म्हणाला. त्याचंही बरोबर होतं. बसमध्ये त्याच्या मालकीची तेवढीच जागा होती.

त्या संध्याकाळी ती आत्यासमोर जाऊन बसली. "उष्णता आत शिरणार नाही अशी पिशवी शिवता येईल?"

"कशाला? ज्याच्या प्रेमात पडलीस त्याला गार ठेवायला?"

आत्याला सगळं ठाऊक होतं तर. आत्याने गादीच्या खोळीतला कापूस काढला, दोन कापडांत दाबला, आडव्या-उभ्या टाक्यांनी शिवला आणि आतून चकचकीत अस्तर लावलं. पहिली पिशवी फार मोठी झाली, दुसरी उघडायला दोन हात लागले, तिसरी बरी जमली. पहिल्या खेपेच्या सगळ्या पिशव्या आत्यानेच शिवल्या. कंपनीच्या जाहिरातीत पुढे त्याला भारदस्त नाव दिलं गेलं, पण घरी ती शेवटपर्यंत गुंडाळीची गोधडीच राहिली.

तिकिटाचं यंत्र चाललं. एका आगारातून दुसऱ्यात, एका शहरातून दुसऱ्या शहरात. चिमटा आणि रेघोट्याचं लग्न झालं. ती त्याला सासूसमोरही रेघोट्याच म्हणायची. सासूने पहिले काही दिवस नाक मुरडलं, मग एकदा स्वतःच हाक मारली, "रेघोट्या, जेवायला ये रे," आणि विषय संपला.

कंपनी माडीवरून उतरली. शहराच्या टोकाला स्वतःची इमारत झाली. तिला काचेची दारं होती, म्हाताऱ्याला केबिन मिळाली, आणि मागच्या अंगणात एक जनरेटर बसला. पहिल्या शनिवारी इथेही वीज गेली, क्षणभराने जनरेटर घरघरला आणि दिवे लागले, तेव्हा सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. टाळ्या वाजवणाऱ्यांत चिमटाही होती.

काय गमावलं ते कळायला तिला काही वर्षं लागली. आता ती रचना विभागाची प्रमुख होती. हाताखाली हुशार मुलंमुली होती, तिच्यापेक्षा कितीतरी जास्त शिकलेली, आणि तिला त्यांचं कौतुक होतं. ती तिच्याकडे यायची ती पुरं झालेलं काम घेऊन. आकडे बरोबर, चित्रं सुबक, कुठे बोट ठेवायला जागा नाही. आणि सगळं जुन्याचंच पुढचं रूप. बटण जरा मऊ, बॅटरी जरा टिकाऊ. कुणी वेड्यासारखं काही बोलत नव्हतं. एकदा जेवणाच्या वेळी ती एका टोळक्याजवळ गेली तर ती सगळी खदखदून हसत होती. तिला बघताच गप्प झाली आणि उभी राहिली.

तिला ते उभं राहणं फार लागलं. ती तडक म्हाताऱ्याच्या केबिनमध्ये गेली.

"साहेब, शनिवारी जनरेटर बंद ठेवू या."

"का? डिझेल महाग झालं?"

"आपण नवीन काही केलंय का इतक्यात? आठवून सांगा."

तो आठवत राहिला. "लोकांनी काम न करण्याबद्दल मी पगार द्यावा असं तुला वाटतंय," तो शेवटी म्हणाला.

"पूर्वी देत होताच की."

"पूर्वी मला पर्याय नव्हता गं!"

पण तो तयार झाला. पुढच्या शनिवारी जनरेटरचं मुख्य बटण खाली ओढलं. सर्वांना मोठ्या खोलीत बोलावलं, चहा मागवला, कागद-पेन्सिली ठेवल्या. चिमटा म्हणाली, "बोला, काहीही बोला." मुलं एकमेकांकडे बघू लागली. एकाने वहीत काहीतरी लिहिल्यासारखं केलं. कुणी घड्याळाकडे बघितलं. कुणीतरी आदबीने विचारलं, "मॅडम, कोणत्या विषयावर?" दुपार अशी सरपटत गेली. दुसरा शनिवारही तसाच. घरी येऊन तिने कपाळाला हात लावला.

"शनिवार तोच, चहा तोच. मग अडतंय कुठे?"

रेघोट्या कांदा चिरत होता. "आपण कुणाला हसायचो आठवतंय?" त्याने विचारलं.

"कुणाला?"

"म्हाताऱ्याला."

ती बघतच राहिली. खरंच होतं ते. या मुलांनी म्हाताऱ्याला कधी मूर्खासारखं बोलताना ऐकलंच नव्हतं. त्यांच्यासाठी तो भिंतीवरच्या फोटोतला आणि वर्षाच्या सभेत भाषण करणारा मोठा माणूस होता. आणि ती स्वतः? तीही त्यांना तशीच दिसत असणार.

म्हाताऱ्याला खाली आणणं सोपं गेलं नाही. "मला आता कुठे सुचतंय काही," तो म्हणाला. मग जरा वेळाने, खिडकीबाहेर बघत, "आणि समज सुचलं, आणि ते भंपक निघालं तर? इतक्या पोरांसमोर?"

"त्यासाठीच तर या."

तो आला. खुर्चीवर न बसता टेबलाच्या कडेला टेकला. घसा साफ केला, आणि तिला वाटलं, आता भाषण ठोकतोय. पण त्याने सांगितली ती बोलणाऱ्या काट्याची गोष्ट. चिमटा कंपनीत यायच्या आधीची, तिनेही कधी न ऐकलेली. त्याने एक काटा बनवला होता, जो वजन मोठ्याने बोलून सांगायचा. मोठ्या हौसेने तो एका भाजीच्या दुकानात नेऊन ठेवला. गिऱ्हाइकांची गर्दी जमली. दुकानदार गडी चांगला आडव्या अंगाचा. तो कौतुकाने काट्यावर रेलला, आणि काट्याने खणखणीत आवाजात त्याचं निम्मं वजन सगळ्या बाजाराला ऐकवलं.

"निम्मं?" मागून कुणीतरी न राहवून विचारलं.

"निम्माच रेलला होता ना. पुढचा आकडा ऐकायला लोक थांबून राहिले. त्याने काट्यासकट मला बाहेर काढलं. तो काटा मी छातीशी धरून पळत होतो आणि काटा वाटभर आकडे ओरडत होता. बंद करायचं बटणच मी बसवलं नव्हतं."

खोलीत हास्याचा असा स्फोट झाला की पहारेकरी आत डोकावून गेला. म्हातारा स्वतः डोळे पुसत होता. आणि तो आवाज ओसरतोय तोच एक मुलगी बोलली. कामाला लागून तिला वर्षही झालं नव्हतं आणि तिचा आवाज चिमट्याने तोवर धड ऐकलाही नव्हता.

"म्हणजे हे तसंच वेड्यासारखं आहे," ती म्हणाली. "बाबा दवाखान्यात होते. त्यांना सलाइन लावलेलं. बाटली संपत आली की नाही ते बघायला मी सारखी उठायचे. डोळा लागायचा नाही. मला वाटायचं, या बाटलीला कुणीतरी आपला काटा लावावा. हलकी झाली की नर्सकडे घंटी वाजेल."

मग कोपऱ्यातून एकजण म्हणाला, "घंटी नको, बाकीचे पेशंट जागे होतील. दिवा लावू." दुसरा म्हणाला, "बाटली हलली की आकडा नाचेल." रेघोट्याने शर्टाच्या खिशातली पेन्सिल काढली आणि त्या मुलीपुढे धरली. "तू काढ," म्हणाला. चिमटा हळूच मागे सरकली आणि भिंतीला टेकून उभी राहिली.

त्या बाटलीच्या काट्याने कंपनीला पुढची बरीच वर्षं तारून नेलं. त्याआधी शंभर गोष्टी फसल्या आणि त्यानंतरही फसल्या. पण शनिवार राहिले, आणि म्हातारा ते सहसा चुकवीत नसे.

मग खिशाखिशात फोन आले. लोक तिकीट फोनवरच काढू लागले आणि हातातली यंत्रं आगारांच्या कपाटांत जाऊन पडली. कंपनी एका मोठ्या कंपनीने घेतली. काकू त्याआधीच निवृत्त होऊन मुलाकडे गेल्या होत्या. म्हाताऱ्याने निरोपाच्या दिवशी भाषण केलं नाही. एकेकाच्या टेबलापाशी जाऊन खुर्चीवर जरा वेळ बसला आणि उठला. दोन वर्षांनी तो गेल्याचा फोन आला तेव्हा चिमटा बाजारात होती. हातातली भाजीची पिशवी तिने तिथेच खाली ठेवली आणि पायरीवर बसून राहिली. येणारे-जाणारे तिला विचारत होते, बरं वाटत नाही का? ती म्हणत होती, बरं आहे, बरं आहे.

मोठ्या कंपनीत तिला नवकल्पना विभाग दिला. रंगीत खुर्च्या होत्या, भिंतीवर लिहिता यायचं, आणि ज्याला काही सुचलं त्याने ते आधी संगणकावर भरून पाठवायचं होतं, अपेक्षित फायद्यासकट. माणसं भली होती. तिने जमेल ते केलं. बहुतेक वेळ ती आपल्या खोलीत न बसता कँटीनमध्ये बसायची आणि शेजारी कोण येऊन बसतं ते बघायची. निवृत्त झाली तेव्हा तिला कुणी चिमटा म्हणणारं तिथे नव्हतं. सगळे मॅडम म्हणत होते, अगदी प्रेमाने.

आता घरी सकाळ मोठी असते. रेघोट्या गच्चीवर कुंड्यांची चित्रं काढतो. मुलगी आतल्या खोलीतून एका परदेशी कंपनीचं काम करते. कानावर हेडफोन, पडद्यावर छोट्या छोट्या चौकटींत चेहरे. चिमटा चहा ठेवून येते तेव्हा पडद्याकडे न बघता बघते. मागच्या महिन्यात मुलगी दोन दिवस गप्प गप्प होती. तिसऱ्या दिवशी चहा घ्यायला स्वतःच स्वयंपाकघरात आली.

"आई, एक सुचलंय मला. पण टीममध्ये सांगावं की नाही कळत नाहीये. सगळे इतके भारी आहेत. हसतील."

"मला सांग."

"तुला नाही कळणार अगं, सगळं सॉफ्टवेअरचं आहे."

"नाही कळलं तर विचारीन."

मुलीने सांगायला सुरुवात केली. चिमट्याला निम्मं कळलं नाही. तिने विचारलं, मुलीने पुन्हा सांगितलं, आणि सांगता सांगता मध्येच थांबली, कारण आपण कुठे चुकतोय ते तिचं तिलाच दिसलं. मग तिने फ्रिजवरच्या चुंबकांची मांडामांड करून दाखवली. चिमट्याने त्यातला एक उचलून दुसरीकडे ठेवला. मुलगी "ए, नाही गं, असं नाही!" म्हणून ओरडली. चहा निवून गेला तो पुन्हा गरम केला.

दुसऱ्या दिवशी दुपारी आतल्या खोलीचं दार उघडलं. मुलगी केस मोकळे सोडून बाहेर आली आणि सोफ्यावर पडली.

"सांगितलंस?" चिमट्याने विचारलं.

"सांगितलं."

"मग?"

"उडवून लावलं. मॅनेजर म्हणाला, हे चालायचंच नाही. आणि आई, बरोबर होतं त्याचं. पण मग त्या दूरच्या ऑफिसातल्या बाईने, ती कधी बोलत नाही बघ, तिने याच्यावरून दुसरंच काहीतरी काढलं. अर्धा तास चाललं होतं आमचं. उद्या परत बसतोय." तिने उशी डोक्याखाली ओढून घेतली. "भूक लागलीय जाम. काय आहे गं खायला?"

"बघते," चिमटा म्हणाली, आणि गॅस पेटवायला उठली.